कलकत्ता वळणाचा ‘ण’

लग्नसराई जवळ आली की आमच्या छापखान्यात गुळाचा वास सुटतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, आत कोणी काही गोडाधोडाचं करतंय. करत कोणी काही नसतं. मशीनवर अक्षरांना शाई लावणारे रोलर चिकटवायचा सरस आणि गूळ एकत्र कढवून ओतलेले असतात, आणि नागपूरचा चैत्र सरत आला की ते ऐन दुपारी पाघळू लागतात. वर्षातलं सगळ्यात जास्त काम नेमकं याच दिवसांत, आणि याच दिवसांत रोलर हात लावावा तर बोटाचा ठसा उमटेल इतके मऊ. म्हणून हे दोन-अडीच महिने आम्ही पहाटे पाचाला छापखाना उघडतो, अकराच्या आत छपाई उरकतो, फरशीवर पाण्याच्या बादल्या ओततो आणि दुपारभर नुसते खिळे जुळवतो. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. दुपारी तीही तापलेली असतात, पण ती पाघळत नाहीत.

यंदाही तो वास आला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले, समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत पडल्या, मागच्या गल्लीत बँडवाल्यांनी गेल्या वर्षीचीच गाणी पुन्हा घोटायला घेतली. कडुलिंबाचा मोहोर वाऱ्याबरोबर आत येतो आणि केसमधल्या, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीतल्या, खिळ्यांवर बसतो. तो फुंकून टाकत अक्षर उचलावं लागतं. हे सगळं मला मनापासून आवडायचं. पाच वर्षांपूर्वीपर्यंत आवडायचं, असं म्हणायला हवं. आता गुळाचा वास आला की मी दिवसभर उगाच सगळ्यांवर खेकसतो. बायको म्हणते, उन्हाचं आहे. मी तिला तसं समजू देतो.

मी जातीनं कोष्टी, धंद्यानं कंपोझिटर. बाप मागावर, आजा मागावर, पणजाही मागावरच असणार. आमच्या घरात सुतावरून शिशावर आलेला मी पहिला. या धंद्यानं मला एक खोड लावली, ती म्हणजे अक्षर दिसलं की आधी त्याचं रूप बघायचं आणि मग जमलं तर अर्थ. रेशन दुकानाच्या पाटीवरचा ‘श’ लंगडा आहे हे मला दिसतं. साखर संपली आहे हे बायको सांगते तेव्हा कळतं. नातेवाइकांची पत्रं मी अशीच वाचतो. एकदा कोणाच्या मृत्यूचं कार्ड हातात घेऊन मी त्यातल्या ‘दुः’चा विसर्ग किती सुबक काढलाय तो आईला दाखवत होतो. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड माझ्या हातून काढून घेतलं. माणसानं असं होऊ नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्या धंद्यात अक्षराच्या रूपाला वळण म्हणतात. मराठी छापखान्यांत जे चालतं ते मुंबई वळण. हिंदीवाल्यांचं कलकत्ता वळण. पुण्या-मुंबईच्या कंपोझिटरला दुसऱ्याशी काही देणंघेणं नसतं, पण आमचं नागपूर तेव्हा मराठी आणि हिंदी दोन्ही मुलखांच्या राज्याची राजधानी होतं. सरकारी काम दोन्ही भाषांत निघायचं. आमच्या खोलीत डाव्या भिंतीला मुंबई वळणाच्या केसेस, उजव्या भिंतीला कलकत्ता वळणाच्या. ‘अ’ वेगळा, ‘झ’ वेगळा, ‘ल’ आणि ‘श’ वेगळे. त्यानं कोणाचं अडत नाही, कारण रूप बदललं तरी ती दुसऱ्या अक्षरासारखी दिसत नाहीत. खरी लबाडी दोन अक्षरांत. त्या वळणातला ‘ख’ फुटून ‘र’ आणि ‘व’ वेगवेगळे उभे असल्यासारखा दिसतो, आणि ‘ण’ तर सरळ ‘र’ला काना दिल्यासारखा, म्हणजे ‘रा’. हिंदी माणसाच्या डोळ्याला ते सवयीचं. मराठी माणूसही दहा-वीस पुस्तकं वाचलेला असला तर अडखळत नाही, कारण त्याचा डोळा शब्द सबंध गिळतो. ठेच लागते ती फक्त एका माणसाला, जो अक्षरावर बोट ठेवून वाचतो त्याला. आणि तसं वाचणारं माणूस माझ्याच घरात होतं.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गिरजा तिचं नाव. अठराव्या वर्षी नवरा तापानं गेला, आणि ती पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत आली. वर्षभरात बाप गेला. बापाचा खड्ड्याचा माग घरात तसाच उभा होता. आमच्यात बाया सुताच्या कांड्या भरतात, ताणा म्हणजे मागावरचे उभे दोरे सांधतात. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो पुरुष. अक्का तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरली. गल्लीत चार दिवस चर्चा झाली, पाचव्या दिवशी लोक तिच्याकडे लुगड्याची किनार सांगायला यायला लागले. मी सातवी पास झालो आणि छापखान्यात चिकटलो, धाकटा लक्ष्मण गिरणीत लागला, ते सगळं मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या तिच्या धोट्यावर. हे मी आज लिहितो आहे म्हणून सुचलं असं नाही. मला ते रोज माहीत होतं, आणि त्या दिवशीही माहीत होतं.

पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या शाळेत दुपारचा मोठ्या बायांचा वर्ग सुरू झाला. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पाटी-पुस्तकाची हवा होती. अक्का तेहेतीस वर्षांची. ती पहिल्या दिवशी पाटी पदराखाली झाकून गेली आणि महिन्याभरात पाटी हातात घेऊन जायला लागली. तिची शिकायची रीत मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. ती अक्षर पाठ करत नसे, मोजत असे. किती उभ्या दांड्या, किती गाठी, डोक्यावरची रेघ कुठून कुठवर. किनारीवरची नक्षी दुसऱ्या गावच्या लुगड्यावरून उचलायची असली की ती अशीच दोरे मोजायची. एकदा मोजलेलं अक्षर ती विसरली नाही.

‘ण’नं मात्र तिचा जीव खाल्ला. ओळखायला नव्हे, म्हणायला. आमच्या बोलण्यात ‘ण’ नाहीच. आम्ही पानी पितो, कोन आलं विचारतो, लक्ष्मणला लक्षिमन म्हणतो. मास्तरीणबाई पुण्याकडच्या, त्यांचा ‘ण’वर फार कटाक्ष. अक्का मागावर बसली की पायाच्या दाबाबरोबर जीभ टाळूला लावून ण, ण, ण म्हणत राहायची. संध्याकाळी मी घरात शिरलो की ती मुद्दाम विचारी, पाणी देऊ का. पाणी. आई चुलीपुढून म्हणे, लय शहाणी झाली. मग घरातले सगळेच हसायचो. माझ्या घरात तसं हसू त्याआधी कधी होतं, मला आठवत नाही.

मी तिच्यासाठी छापखान्यातून खराब झालेले कागद आणू लागलो. केसांच्या तेलाची जाहिरात, कुठल्या नाटकाचं अर्धं कार्यक्रमपत्रक, विणकर सोसायटीची नोटीस. ती जेवणं झाल्यावर ते मांडीवर पसरून बोट फिरवत वाचायची. मास्तरीणबाईंनी वर्गात एक शिस्त घातली होती: अंदाजानं म्हणायचं नाही, जे आहे ते वाचायचं. बाकीच्या बाया ‘कम’ दिसलं की ‘कमळ’ म्हणून मोकळ्या होत. अक्कानं ती शिस्त पक्की धरली. एकदा जाहिरातीत ‘सुवासिक’चं ‘सुवासक’ पडलं होतं. ती तीनदा ‘सुवासक’ वाचून थांबली आणि म्हणाली की इथं छापणाऱ्याचं चुकलं असावं. चूक माझीच होती. मला तिचा कोण अभिमान वाटला.

फाल्गुनात लक्ष्मणचं लग्न उमरेडच्या कोष्ट्यांकडे ठरलं. चांगलं घर, स्वतःचे सहा माग. आमच्याकडे एक रीत आहे. छापलेली पहिली पत्रिका देवीपुढे ठेवतात, आणि नुसती ठेवत नाहीत, मोठ्यानं वाचून दाखवतात. आईचं म्हणणं, आपल्या कुळात कोणालाच वाचता येत नव्हतं तर कुळाच्या देवीला कुठून येणार. आजवर गल्लीतले गुरुजी किंवा मी हे काम करायचो. त्या वर्षी आई म्हणाली, गिरजा वाचेल. विधवा बाईनं शुभकार्याची पत्रिका देवीपुढे वाचायची, यावर शेजारणींच्या भुवया चढल्या. आईनं कोणाचं ऐकलं नाही. तिनं आयुष्यात केलेली ती सगळ्यात धीट गोष्ट असेल. त्या दिवसापासून अक्का मागावर गुणगुणायला लागली.

पत्रिका जुळवणार अर्थात मी. आणि इथं माझी खोड आडवी आली.

त्याच महिन्यात एका सरकारी हिंदी पुस्तकासाठी छापखान्यात कलकत्ता वळणाचा नवा टाईप आला होता. कोरा करकरीत, एकाही खिळ्याला अजून शाई लागलेली नाही. उभी दांडी जाड, आडवी रेघ केसासारखी, आणि टोकाला अशी धार की बोट कापेल. आमचा मुंबई वळणाचा टाईप दहा वर्षं वापरून बोथट झालेला. त्यातले काने तुटके, वेलांट्या झिजलेल्या. इतवारीतल्या कापडवाल्या शेठांच्या पत्रिका हिंदी टाईपात निघत आणि काय श्रीमंत दिसत. उमरेडवाल्यांच्या हातात आपल्या घरची पत्रिका जाणार, ती पाहून त्यांनी म्हटलं पाहिजे की पोरीनं घर बघून नशीब काढलं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. पहाटे मालकांची परवानगी घेतली. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं की मराठी पत्रिकेला हे वळण लोकांना वाचता येईल का. मी म्हणालो, ज्याले वाचता येते त्याले येते.

हे वाक्य मी अजून रोज ऐकतो.

आणि आणखी एक सांगून टाकतो, कारण ते लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. लक्ष्मणचं नाव जुळवताना ‘ण’ उचलला, तेव्हा मला अक्का आठवली. लख्ख आठवली. हे अक्षर तिला आधी दाखवून ठेवायला हवं, असं मनात आलं. मग बाहेर मशीनवरचा माणूस ओरडला की ऊन चढतंय, रोलर सुटायला लागले, लवकर करा. मी पान बांधलं आणि तो विचार तिथंच राहिला.

पत्रिका वाचायच्या दिवशी उमरेडहून मुलीचा मामा आणि मामी आले होते. बाहेर लूच्या झळा सुटलेल्या. ओसरीवर ओल्या चादरी टांगल्या होत्या, कैरीच्या पन्ह्याचे पेले फिरत होते, आतल्या खोलीत चार शेजारणी शेवयांसारखे सरगुंडे वळायला बसल्या होत्या. त्याही पिठाचे हात तसेच धरून बाहेर आल्या. मामांनी पत्रिका आधीच हातात घेऊन उलटीसुलटी बघितली होती आणि म्हणाले होते, वा, शेठलोकांच्या घरची वाटते. मी खाली बघून हसलो होतो. अक्का न्हाऊन, धुतलं पांढरं लुगडं नेसून देवीसमोर बसली. आई म्हणाली, “वाच वं गिरजे.”

तिनं बोट ठेवलं. श्री कुलस्वामिनी प्रसन्न. सावकाश, पण एकही अक्षर न चुकता. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ‘प्रे’ आणि ‘स्का’ तिनं असे सोडवले की शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. आमचे येथे देवीच्या कृपेने माझे कनिष्ठ बंधू चिरंजीव. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. तिचं बोट पुढच्या शब्दावर गेलं, आणि त्या क्षणी मला कळलं की काय होणार आहे.

तिनं ‘लक्ष्म’पर्यंत वाचलं आणि ती थांबली. बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. तिचे ओठ हलत होते. ती दांड्या मोजत होती. तिला काय भावाचं नाव माहीत नव्हतं? अंदाजानं म्हणायची असती तर दुसऱ्या कोणाही बाईसारखी म्हणून मोकळी झाली असती. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तेल-साबणाच्या जाहिराती वाचताना अडली की ती असंच बघायची. मी नजर काढून घेतली आणि टांगलेल्या चादरीकडे बघत राहिलो. तिनं पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे जे होतं ते वाचलं.

“चिरंजीव लक्ष्-म-रा.”

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग मामीच्या लक्षात आलं की देवीपुढे, नवऱ्या मुलाच्या नावात, एका विधवेच्या तोंडून ‘मरा’ निघालं आहे. हातातला पेला खाली ठेवून त्या मामांना म्हणाल्या की ऐकलं का काय म्हणाली ते. आईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली की नीट बघ, काय लिहिलं आहे.

“हेच लिहिलं हाय, माय,” अक्का म्हणाली. “र हाय. अन् त्याले काना हाय.”

आईनं पत्रिका तिच्या हातातून काढून माझ्यापुढे धरली. “बापू, तू वाच गा.”

मी वाचली. चिरंजीव लक्ष्मण. खणखणीत, न अडखळता, शेवटच्या ओळीपर्यंत. मामांनी श्वास सोडला. मी वर हेही म्हणालो की लक्ष्मणच लिहिलं आहे, बरोबर आहे. खोटं काहीच बोललो नाही. ‘हा ण वेगळ्या वळणाचा आहे, अक्काला दिसला तो बरोबरच दिसला’, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण तसं म्हटलं असतं तर नवरदेवाच्या नावात ‘मरा’ बसवणारा मी ठरलो असतो. शेठलोकांची पत्रिका म्हणून जिचं आत्ताच कौतुक झालं, ती अपशकुनी ठरली असती, माझा हात अपशकुनी ठरला असता. अपशकुन कोणाच्या तरी डोक्यावर बसणारच होता. तो तिच्या डोक्यावर बसू दिला. विधवेच्या डोक्यावर तो आधीच असतो, आणखी एकानं काय फरक पडतो, असा नीच हिशेब मी तेव्हा केला की नाही, मला खात्रीनं सांगता येत नाही. केला नसेल असं म्हणायची माझी हिंमत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसली होती. मला म्हणाली की तिला खरंच ‘र’ दिसला. मी म्हणालो, होतं असं, सवयीनं जमेल. तिनं मान हलवली.

लग्न उमरेडला थाटात झालं. अक्का आली नाही. घर राखायला कोणी हवं, असं तिनं सांगितलं आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. वर्गाला ती पुन्हा गेली नाही. मास्तरीणबाई घरी येऊन गेल्या, तेव्हा डोळ्यांना दिसत नाही असं म्हणाली; आणि दोन हात लांबून किनारीतला तुटलेला दोरा ती तेव्हाही बरोबर पकडत होती. मी आणलेले कागद तिनं चुलीजवळ ठेवले, आईनं ते पेटवणाला वापरले. पावसाळ्यात लक्ष्मणला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप उतरला नाही. ते एकवीस दिवस अक्का एकवेळ जेवली आणि देवीसमोर पालथी पडून काय पुटपुटायची ते मला ऐकू यायचं. ती माफी मागत होती. मी तेव्हाही तिथंच होतो, उंबऱ्यात. लक्ष्मण बरा झाला, आज त्याला दोन पोरं आहेत, वजन वाढलं म्हणून तक्रार करतो. त्याला वाचवणारी देवी, आणि त्याला आजारी पाडणारी अक्का, असं घरात न बोलता ठरून गेलं.

दोन वर्षांनी विणकर सोसायटीत तिचं नाव घालायचं होतं. मी बरोबर गेलो होतो. कारकुनानं विचारलं, सही येते की अंगठा. वर्गात पहिल्या महिन्यात ती नाव लिहायला शिकली होती. ‘गिरजा’ असं तिनं पाटीवर शंभरदा लिहिलेलं मी पाहिलं होतं. तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. दिवसभर शाईत काम करणारा मी, त्या शाईच्या पॅडकडे मला बघवेना. येताना तिनं रस्त्यात थांबून नळावर अंगठा धुतला. मग घोटभर पानी पिऊ म्हणाली. पानीच म्हणाली. ‘पाणी’ तिच्या तोंडातून कधी गेलं, ते मला नेमकं सांगता यायचं नाही, कारण मी ऐकायचं बंद केलं होतं.

माणूस चुकतो. हाताखालचं अक्षर चुकतं, ते प्रुफात दिसतं, चिमट्यानं उपसून दुसरं बसवता येतं. माझ्या धंद्याची ही मोठी सोय आहे, आणि तिनंच मला बिघडवलं असं वाटतं. सगळं नंतर दुरुस्त करता येतं, अशी सवय लागली. उद्या सांगू, लग्न होऊ दे, ताप उतरू दे, दिवाळी जाऊ दे. बरं, वेळ गेला की नुसती चूक राहत नाही. आधी का बोलला नाहीस, हेही तिच्यात मिसळतं. दर वर्षी सांगण्याची गोष्ट मोठी होत गेली आणि माझं तोंड लहान.

या वर्षी मराठी मुलखाचं नवं राज्य झालं. चौकात पेढे वाटले, मालकांनी दाराला तोरण लावलं. राजधानी तर चार वर्षांपूर्वीच गेली होती, हिंदी काम तिच्याबरोबर गेलं. उजव्या भिंतीच्या केसेस नुसत्या धूळ खात होत्या. गेल्या आठवड्यात मालक म्हणाले, तो सगळा टाईप वितळवायला पाठवून देऊ, त्या शिशातून मुंबई वळणाचा नवा येईल. खिळे पोत्यात भरायचं काम माझ्याकडे आलं. ‘ण’च्या खणापाशी आलो तेव्हा हात चालेना. मला वाटलं, हा एकदा पोत्यात गेला की मी कधीच बोलणार नाही. बोललो तरी दाखवायला काही नसेल. मी एक खिळा काढला. डाव्या भिंतीच्या केसमधून दुसरा घेतला. दोन्ही शेजारी शेजारी बांधून एका कोऱ्या कागदावर छाप काढली आणि भर दुपारी, डोक्याला ओला पंचा गुंडाळून घरी गेलो.

अक्का मागावर होती. मी कधी त्या वेळी घरी येत नाही, म्हणून तिनं हात थांबवला. मी कागद तिच्यापुढे ताण्यावर ठेवला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. हे दोन्ही ‘ण’ आहेत. हा तुझ्या वर्गात शिकवलेला. हा पत्रिकेतला. तुला जे दिसलं तेच तिथं होतं. सांगताना, खरं सांगायचं तर, थोडं बरं वाटत होतं. पाच वर्षांचं ओझं उतरतंय असं वाटत होतं. तिला आनंद होईल, ती रडेल, कदाचित मला दोन शिव्या घालेल आणि मग आम्ही दोघं हसू, अशी सगळी मांडणी मी रस्त्यानं येतानाच करून ठेवली होती.

तिनं कागद उचलला. बोट ठेवलं. डावीकडच्या अक्षराच्या दांड्या मोजल्या, उजवीकडच्या मोजल्या. मग पुन्हा डावीकडच्या मोजल्या.

“त्या दिवशी तुले मालूम होतं?” तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

“मी तुह्याकडे पाह्यलं, तवा?”

“हो.”

“मंग काहून नाही बोलला?”

मी तेही सांगितलं. मामांनी पत्रिकेचं कौतुक केलं होतं ते, अपशकुन माझ्यावर आला असता ते. तिनं मधे अडवलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी तिथं उभा राहू शकलो असतो.

“मले वाचता येत नाही, असं समजून होती मी इतके दिवस,” ती म्हणाली. “तेच बरं होतं गा, बापू.”